गुडघ्याचा जमाखर्च

आमच्या एका अर्थशास्त्री मित्रांनी परवा गप्पांच्या ओघात एक निकाल देऊन टाकला. विषय होता भिवंडीच्या आसपासच्या गावांत हमखास भेटणाऱ्या मुलाचा. कॉलेजच्या संघातला आघाडीचा चढाईपटू, आंतरविद्यापीठ स्पर्धा गाजवलेला, गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला आणि तरी प्रो कबड्डीकडे डोळे लावून बसलेला. त्यानं काय करावं? मित्र म्हणाले, "मिळकत मांडा, शक्यता मांडा, गुणाकार करा. शेवटी निर्णय त्याचा." शेजारचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "आधी डिग्री." दोघंही समाधानानं चहाला लागले.

डिग्रीवाल्यांना फार वेळ देण्याचं कारण नाही. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालमीत घालवून परीक्षेत नापास झालेल्या टिळकांची गोष्ट 1 ऑगस्टच्या भाषणात रंगवून सांगणारे हेच लोक. तोच उद्योग घरच्या पोरानं केला की मात्र यांचा रक्तदाब वाढतो. शिवाय मुंबई विद्यापीठ खेळाडूला कृपेचे दहा गुण देतं. त्या गुणांनी सुटलेली बी.कॉम. घेऊन पोरगं माणकोलीच्या गोदामात पार्सलं स्कॅन करायला लागतं, तेव्हा तिथं डिग्री कोण विचारतो? ज्या भातशेतीत त्याचा बाप राबला आणि सुगीनंतर कबड्डी खेळला, तिथंच आता ते गोदाम आहे, हा भाग वेगळा.

मित्रांचं म्हणणं जास्त धूर्त आहे, म्हणून त्याच्याशी भांडायला बर्नार्ड विल्यम्सला बोलवावं लागतं. या इंग्रज तत्त्वज्ञानं 1976 मध्ये 'नैतिक नशीब' या विषयावर निबंध वाचला. त्यात त्यानं चित्रकार गोगँचं उदाहरण घेतलं, तेही इतिहासातलं जसंच्या तसं नव्हे, आपल्या सोयीनं घडवलेलं. बायकापोरांना मागे टाकून गोगँ चित्रं काढायला ताहितीला निघतो. त्याचं चुकलं की बरोबर? विल्यम्स म्हणतो, निघताना हे कुणालाच ठरवता येत नाही, खुद्द गोगँलाही नाही. पुढं तो खरोखर मोठा चित्रकार झाला, तरच मागचं पाऊल समर्थनीय ठरतं. आमच्या मित्रांचा गुणाकार इथंच अडतो. शक्यता मांडायच्या, तर ज्या माणसाच्या मांडायच्या तो अजून घडायचाच आहे.

विल्यम्स पुढं एक बारीक भेद करतो, आणि आपल्या कामाचा तोच आहे. समजा, वाटेत गोगँला अपघात झाला आणि हात कायमचा गेला. त्याचा सगळा खटाटोप वाया गेला, हे खरं. पण म्हणून तो चुकला असं ठरत नाही, कारण ते दुर्दैव बाहेरून आलं. तो तिथं पोचला आणि चित्रंच सुमार निघाली, तर मात्र तो चुकला. ते अपयश त्याच्या उद्योगाच्या आतलं.

आता हा भेद कबड्डीच्या मॅटवर आणा. तीस सेकंदांची चढाई. पोरगं निदान रेषा ओलांडून बोनसला पाय टाकतं, कोपरारक्षक घोटा धरतो, पाऊल मॅटला रुतलेलं राहतं आणि वरचं शरीर मध्यरेषेकडे वळतं. गुडघा मधल्या मध्ये पिळवटतो. हे दुर्दैव बाहेरचं की आतलं? माणकोली नाक्यावर ट्रकनं उडवलं असतं तर बाहेरचं. पण घोटा पकडणं हा तर खेळच आहे, आणि पकडीतून सुटणारा गुडघा ही चढाईपटूची निम्मी गुणवत्ता. मग विल्यम्सच्या न्यायानं फाटलेला लिगामेंट हाच निकाल मानायचा: पोरा, तू त्यातला नव्हतास. बराच काळ मला हे उत्तर कठोर पण प्रामाणिक वाटत होतं.

अस्लम इनामदारनं ते बिघडवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा खेळाडू. 1 मार्च 2024 ला त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणनं प्रो कबड्डी जिंकली, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्याच वर्षीच्या पुढच्या मोसमात गुडघ्यानं त्याला बाहेर बसवलं. 2025 मध्ये तो परतला आणि कप्तान म्हणून संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. यातला कोणता गुडघा निकाल म्हणून वाचायचा? गुडघा एकच. फरक इतकाच, की दुखापत झाली तेव्हा त्याच्यामागे नाव होतं, संघ होता आणि संघानं त्याला सोडलं नाही.

म्हणजे आतलं आणि बाहेरचं यांची सीमा गुडघ्यात नाहीच. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने लागतात. घाई केली तर गुडघा पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. हे नऊ महिने कोण पोसतो, यावर ती सीमा आखली जाते. करार असलेल्याची दुखापत हा खेळातला एक टप्पा ठरतो, करार नसलेल्याची दुखापत म्हणजे शेवट.

भिवंडीला हे नव्यानं सांगायला नको. यंत्रमागाचा धोटा उडून कामगाराच्या डोळ्याला लागला, की "कामावर ये म्हणून जबरदस्ती केली होती का?" असं विचारणारे शेठ इथं पूर्वीही होते. पण कामातला धोका कामाच्याच खात्यावर पडावा, हे कायद्यानं 1923 मध्येच मान्य केलं. कॉलेजच्या बनियनमध्ये खेळणारा पोरगा मात्र कामगार नाही. तो विद्यार्थी, आणि 'निर्णय त्याचा'.

पूर्वी रेल्वे, पोलीस, महिंद्र, भारत पेट्रोलियम यांच्या संघांत कबड्डीपटूला नोकरी लागायची. गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा. त्या काळाचे गोडवे गाण्याची गरज नाही. जागा मोजक्या, वशिले भरपूर. सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण आजही आहे. पण प्रो कबड्डीच्या 2025 च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमतही 9 लाख होती. कोवळ्या पोराला तो आकडा दिसणार की भरतीची जाहिरात? याउलट अमेरिकेत नोव्हेंबर 2019 मध्ये खुबा निखळलेला टुआ टॅगोव्हायलोआ हा कॉलेज फुटबॉलपटू पुढच्याच एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. तिथं अशा पोरांचं भावी मोल उतरलं तर भरपाई देणारा विमा मिळतो. जोखमीला निदान गिऱ्हाईक आहे.

तर माझं उत्तर असं. गुडघा नीट तपासून, नऊ महिने पुरे करून पोरानं लिलावात उतरावं, डिग्री असो वा नसो. गुणाकारही खुशाल करावा. फक्त ज्या कॉलेजानं प्रवेशाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो छापला, त्यानं आधी त्याच्या शस्त्रक्रियेचं बिल भरावं. 'निर्णय तुझा' असं त्याला सांगण्याचा हक्क त्यानंतरचा.