प्रशिक्षकाचा दमसास: आर्थर लिडियार्ड यांच्या निमित्ताने

उत्तम धावपटू हाच पुढे उत्तम प्रशिक्षक होतो, ही समजूत क्रीडाक्षेत्रात इतकी रुजली आहे की प्रशिक्षक निवडताना आजही त्याची पदके आधी मोजली जातात. कुस्तीच्या तालमीत वस्तादाने स्वतः आखाड्याची माती अंगाला लावलेली असावी, ही अपेक्षा वाजवी आहे, कारण डाव अंगानेच शिकवावा लागतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात मात्र शिकवण्याजोगे डाव थोडेच असतात आणि खरा प्रश्न किती धावावे, कोणत्या वेगाने धावावे आणि वर्षाच्या कोणत्या काळात धावावे, एवढाच उरतो. जिंकणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असतेच असे नाही. अनेकदा उपजत देणगीमुळे त्याला तो प्रश्न पडतही नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड (1917–2004) यांना तो पडला, आणि धावपटू म्हणून ते मध्यम कुवतीचे होते ही गोष्ट या संदर्भात गौण मानता येत नाही.

ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारे आणि पुढे प्रपंचासाठी रात्री दुधाचे रतीबही घालणारे लिडियार्ड रग्बी खेळत असल्यामुळे स्वतःला तंदुरुस्त समजत होते. परंतु 1945च्या सुमारास क्लबातील एका वयस्क धावपटूबरोबर पाच-सहा मैल पळताना त्यांची जी दमछाक झाली, तिने तो समज मोडला. पुढची कित्येक वर्षे त्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. एखाद्या आठवड्यात थोडेच अंतर, तर एखाद्या आठवड्यात 200 मैलांहूनही अधिक, असे दोन्ही टोकांना जाऊन ते आठवड्याला सुमारे 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर, या मात्रेवर स्थिरावले. 1953 आणि 1955 मध्ये त्यांनी देशाचे मॅरेथॉन अजिंक्यपद मिळवले खरे, पण 1950च्या ऑकलंड येथील एम्पायर गेम्समध्ये ते पहिल्या दहांतही नव्हते. त्यांचा अधिकार पदकांवर नव्हे, तर स्वतः भोगलेल्या चुकांवर उभा होता.

त्या काळी युरोपात मध्यांतर-पद्धतीचा दबदबा होता. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी ती शास्त्रीय पायावर मांडली होती: ठरावीक लहान अंतर वेगाने धावायचे, नाडी उतरेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा धावायचे. लिडियार्ड यांचा अनुभव असा होता की या मार्गाने धावपटू लवकर तयार होतो, पण तितक्याच लवकर ओसरतो. स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळत असताना जी ऊर्जा तयार होते ती ऑक्सिश्वसनाची, आणि मागणी पुरवठ्यापुढे गेली की जी उसनवारी सुरू होते ती विनॉक्सिश्वसनाची. या उसनवारीची क्षमता शरीरात मर्यादित असते, तर पहिली क्षमता वर्षानुवर्षे वाढवता येते, हे त्यांच्या विचाराचे सार होते. म्हणून आधी काही महिने उसंत न घेता, पण न दमता, लांब धावणे, मग चढावरील सराव आणि शर्यतींच्या तोंडावरच वेगाचे काम, असा क्रम त्यांनी बसवला. दमसास हा पाया आणि वेग हा कळस, असे म्हणता येईल. मात्र 800 मीटर धावणाऱ्यालाही त्यांनी वायटाकेरेच्या डोंगरातील वायआटारुआची 22 मैलांची फेरी करायला लावली, तेव्हा बहुतेकांना तो आडमुठेपणा वाटला असल्यास नवल नाही.

2 सप्टेंबर 1960 रोजी रोममध्ये तासाभराच्या अंतराने त्यांच्या दोन शिष्यांनी ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली: पीटर स्नेल यांनी 800 मीटरमध्ये आणि रग्बीतील दुखापतीने डावा हात कायमचा अधू झालेल्या मरे हॅलबर्ग यांनी 5000 मीटरमध्ये. त्याच ऑलिंपिकमध्ये त्यांचे आणखी एक शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरे आले. स्नेल यांनी डिसेंबर 1961 मध्ये एक मॅरेथॉन पूर्ण केली आणि काही आठवड्यांतच, जानेवारी 1962 मध्ये मैलाचा 3 मिनिटे 54.4 सेकंदांचा, तर फेब्रुवारीत गवताच्या धावपट्टीवर 800 मीटरचा 1 मिनिट 44.3 सेकंदांचा विश्वविक्रम केला. संथ मैलांमधून वेग कसा निपजतो, याचा उलगडा लिडियार्ड यांना शास्त्राच्या भाषेत करता आला नाही. तो प्रयत्न पुढे व्यायामशरीरशास्त्राचे संशोधक झालेल्या स्नेल यांनीच केला. दीर्घ धावेत संथ तंतूंमधील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली शर्करा, संपत आली की शरीर जलद तंतूंनाही कामाला जुंपते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

तरीही एक आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही. एका शरीरावर सिद्ध झालेला नियम सर्वांना लागू कसा व्हावा? ज्यांना 100 मैल झेपले तेच पुढे आले आणि ज्यांना झेपले नाहीत ते कोणाच्या स्मरणात राहिले नाहीत, असेही असू शकेल. पुढच्या पिढ्यांनी तर आकडा तेवढा उचलला आणि न दमण्याची अट विसरली; लिडियार्डपंथाची पुष्कळशी दुष्कीर्ती या विसरण्यातून आली आहे. 1967 पासून सुमारे दीड वर्ष लिडियार्ड फिनलंडमध्ये होते, आणि 1972 मध्ये म्यूनिक ऑलिंपिकमध्ये लासे विरेन व पेक्का वासाला यांनी मिळून तीन सुवर्णपदके मिळवल्यावर फिनलंडने धावण्यातील आपल्या पुनरुत्थानाचे श्रेय त्यांनाही दिले. पण तेही निवडक धावपटूच होते, त्यामुळे त्या यशाने आक्षेपाचे निरसन होत नाही.

ते झाले असेल तर अगदी अनपेक्षित ठिकाणी. 1960च्या दशकाच्या आरंभी लिडियार्ड यांनी ऑकलंडमधील बैठ्या कामाच्या, पोट सुटलेल्या मध्यमवयीन माणसांना आणि हृदयविकारातून उठलेल्यांनाही, बोलता येईल इतक्याच वेगाने पळायला लावले. येथे निवड नव्हती, देणगी नव्हती. बदलली होती ती फक्त मात्रा. 1962च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून आले आणि त्या घोळक्याबरोबर पळायला निघाले. विश्वविक्रमी धावपटू घडवणाऱ्या या पन्नाशीच्या गृहस्थांना, सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या एका ऑकलंडकराने वाटेत मागे टाकले. बॉवरमन मायदेशी परतले, स्वतः नियमित पळू लागले आणि 1967 मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने त्यांनी ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले.