ब्रेकखालची थरथर

गाडी महामार्गावरून खाली घ्या. कारंज्याच्या वस्तीत एखादी सपाट, सावलीची जागा बघून उभी करा. हँडब्रेक लावा, गाडी बंद करा, हात मांडीवर सोडा. कोंढाळी सोडल्यावर पुढचा ट्रक मंदावला, तुम्ही ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग थरथरलं. ती थरथर आता सावकाश आठवायची आहे.

त्याआधी एक खात्री करा. पेडल खोल जात होतं का? गाडी एका बाजूला ओढत होती का? लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज होता का? यातलं काहीही असेल तर मनन पुरे, गाडी जागची हलवू नका, टोइंग बोलवा. नसेल तर बसा.

मन लगेच म्हणेल, ‘डिस्क वाकडी झाली, बदलून टाकू.’ हे वाक्य येऊ द्या, पण त्याच्यामागे जाऊ नका. याच रस्त्याने पुढे तळेगाव, तिवसा ओलांडलं की गुरुकुंज मोझरी लागतं. तिथे पहाटे सामुदायिक ध्यानाला बसण्याची रीत आहे. बसून नुसतं बघण्याची सवय या भागाला आहे. ती गाडीच्या कामी आणायला काहीच हरकत नाही.

पहिल्यांदा अंगाला विचारा, थरथर कुठे जाणवली? तळहातांना जाणवली असेल, तर बहुधा पुढची चाकं. सीटखाली, कमरेला जाणवली असेल, तर मागची. पेडलवरचा तळपाय वरखाली होत असेल, तर ब्रेकचीच शक्यता मोठी.

मग तिचा वेग आठवा. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं, ४० ला त्याच्या निम्मं. गाडी मंदावताना थरथरही मंदावत गेली का? तसं असेल तर दोष फिरणाऱ्या भागात आहे. मुरमावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली भरभर ठोके पडले असतील, तर ते एबीएसचं काम आहे. तो दोष नाही. आणि ब्रेक न दाबताच ८०-९० ला स्टिअरिंग हलत असेल, तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या.

आता विजेच्या गाडीचा खास प्रश्न. नुसता ॲक्सिलरेटर सोडला, तेव्हा थरथर होती का? त्या क्षणी गाडीला मोटर अडवते, डिस्क मोकळीच फिरत असते. दीड हजार किलोची गाडी ताशी ८० ला धावते, तेव्हा तिच्या गतीत विजेच्या युनिटचा सुमारे दहावा भाग साठलेला असतो. त्यातला बराचसा बॅटरीत परततो. मोटरच्या या ब्रेकला रिजन (रिजनरेटिव्ह ब्रेकिंग) म्हणतात. आपल्याकडे ही युक्ती जुनी आहे. १९२५ साली मुंबई ते कुर्ला विजेची रेल्वे सुरू झाली, पुढे तारा घाट चढून गेल्या, आणि ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी मालगाडीची इंजिनं घाट उतरताना मोटरचंच जनित्र करून वीज तारेत परत देत.

नुसत्या रिजनवर थरथर असेल, तर ॲक्सल आणि मोटरचं माउंटिंग तपासायचं. पेडल दाबल्यावरच असेल, तर डिस्क. पण काही गाड्यांत पेडल दाबलं तरी आधी मोटरच काम करते, म्हणून मोकळ्या सरळ रस्त्यावर रिजन शून्यावर आणून पुन्हा बघा. आणखी एक खूण: पूर्ण चार्ज करून निघाल्यावर थरथर होते, २०-३० किलोमीटरनंतर नाहीशी होते. भरलेली बॅटरी फारशी वीज परत घेत नाही, म्हणून तेवढा वेळ खऱ्या ब्रेकवर भार येतो.

इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण मूळ इथेच आहे. विजेच्या गाडीची डिस्क झिजून क्वचितच बिघडते. ती पडून राहून बिघडते. बिडाच्या डिस्कवर पावसाळ्यात रातोरात तांबूस गंज येतो. पेट्रोलच्या गाडीत तो रोजच्या ब्रेकने घासून निघतो, इथे ठिपक्यांनी उरतो. पॅड जिथे टेकून राहिला तिथे त्याचा थर बसतो. जात्यात एका बाजूला ओलसर पीठ चिकटलं की दर फेऱ्याला हात अडखळतो, तसा पॅड अडखळू लागतो. जाडीत मिलिमीटरचा एक-दोन शतांश फरक पडला तरी हाताला कळतो. म्हणजे ‘वाकडी’ म्हटलेली डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसते, तिची जाडी कमीजास्त झालेली असते.

आता मेकॅनिककडे जा, घाई न करता. चाक काढल्यावर डिस्क आणि हब यांच्यामधला गंज घासून काढायला सांगा. तिथला बारीक कणसुद्धा डिस्क तिरकी बसवतो. डायल गेज लावून डिस्कची डगमग मोजायला सांगा, मायक्रोमीटरने जाडी अनेक जागी बघायला सांगा. मर्यादा कंपनीच्या पुस्तकात असते. कॅलिपरच्या पिना सहज सरकतात का? पावसाळ्यानंतर त्या जाम होतात आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो. थर पातळ असेल तर नुसत्या ब्रेकच्या वापराने जातो. खोल खड्डे असतील तर डिस्क लेथवर टर्न करून घ्यावी, किमान जाडी उरत नसेल तर दोन्ही बाजूंची जोडीने बदलावी. नट तिरप्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. मशीनने धडाधड आवळलेले नट डिस्कला पुन्हा ताण देतात, आणि हे मी पुन्हापुन्हा सांगेन, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा गती कमी करा, मध्ये डिस्क निवू द्या, आणि डिस्क तापलेली असताना पेडल दाबून गाडी उभी धरू नका.

पुढे दर आठवड्याला दोन-चारदा ब्रेकला खरं काम द्या. भिजलेली गाडी रात्री लावायच्या आधी, घर जवळ आल्यावर रिजन शून्यावर आणून तीन-चार वेळा नीट ब्रेक दाबा. डिस्क तापून कोरडी होते आणि सकाळी तिच्यावर गंज कमी असतो.