एकेका दाण्याचे स्मरण

गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीभगवंत सांगतात की, पान, फूल, फळ किंवा पाणी, जे कोणी भक्तीने अर्पण करील ते मी स्वीकारतो. वस्तूचे मोल किती, हा प्रश्नच तेथे नाही. अर्पण करणाराचे चित्त त्यात आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. या भगवद्‌वचनाचे भाष्य एका साध्या घरात कसे प्रकटले, ते पाहू.

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांनी एकदा देवाला तांदळाच्या एक लक्ष दाण्यांची लाखोली वाहण्याचा संकल्प केला. त्या नित्य एकेक दाणा मोजीत. वडील शास्त्रीय दृष्टीचे. थोडे दाणे मोजून त्यांचे वजन करावे आणि त्या हिशेबाने लाखाचे तांदूळ तोलून घ्यावे, असे त्यांनी सुचविले. हिशेब बिनचूक होता. परंतु मातोश्रींचे मन मानेना. त्यांनी मुलालाच विचारले. तो म्हणाला की, हे गणित नव्हे. दाण्यादाण्यागणिक ईश्वराचे स्मरण घडावे, यासाठीच ही मोजणी आहे.

सज्जनहो, एवढ्या लहान वयात हे उत्तर त्याला कोठून सुचले? घरची सर्व कामे आटोपल्यावर आई देवापुढे बसे, अपराधांची क्षमा मागे आणि तिचे डोळे पाण्याने भरून येत. मुलगा ते पाहत असे. आईने उपदेश केला नव्हता. तिने मुलाच्या डोळ्यांदेखत केवळ भक्ती केली होती.

संस्कृत कळत नाही म्हणून मराठीत गीता हवी, अशी त्याच माउलीची इच्छा होती. १९१८ साली त्या निवर्तल्या. ‘गीताई’ची रचना झाली ती १९३०-३१ मध्ये. ज्या कानांसाठी ती रचली, ते कान तेव्हा उरले नव्हते. बीज मात्र वाया गेले नाही.

आता आपण आपल्या घराकडे पाहावे. वेळ वाचावा म्हणून आपण पूजा आटोपतो, जेवण उरकतो, मुलाचा प्रश्न उद्यावर ढकलतो. वजनाने तांदूळ भरतात, स्मरण भरत नाही. वाचविलेला तो वेळ शेवटी कोणत्या देवाला वाहिला जातो?

बालपण पुन्हा येत नाही, आणि मुलाजवळ बसण्याची संधीही जन्मभर राहत नाही. म्हणून आज सायंकाळी दिवा लावताना मुलाला शेजारी बसवावे. काही शिकवू नये. आपले चित्त मात्र तेथे असावे. तेवढा एक दाणा भगवंत निश्चित स्वीकारील.