आजोबांचं पिस्तूल

सोलापूरच्या बाजार समितीत एका तरुण अडत्याचा कांद्याचा गाळा होता. हिवाळ्यात आवक वाढली की लिलाव, वजन, पट्ट्या उरकून घरी निघायला रात्र होई. पिशवीत रोकड असे आणि जीव मुठीत.

आजोबा वारल्यावर त्यांचं पिस्तूल रीतसर परवान्यानं त्याच्या नावावर झालं. वेब्ली अँड स्कॉट, बत्तीस बोअर, बर्मिंगहॅमची घडण. १९११ मध्ये लंडनच्या पोलिसांनी हेच पिस्तूल स्वीकारलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याचं उत्पादन थांबलं. तरुणाला वाटलं, वाटेवरच्या संरक्षणाला हेच आणि रविवारच्या नेमबाजीलाही हेच.

पारख करायला तो ओळखीच्या सुभेदारकाकांकडे गेला. काका सैन्यात आर्मरर होते. त्यानं रुमाल उलगडून पिस्तूल पुढे ठेवलं.

"मॅगझिन काढून आणलंय काका. रिकामंच आहे."

काकांनी नळी परसातल्या मातीच्या ढिगाकडे धरली, बोट ट्रिगरपासून लांब ठेवलं आणि स्लाइड मागे ओढली. चेंबरमधून एक काडतूस उडून खाली पडलं.

तरुणाचा चेहरा उतरला. "परवा रात्री कुत्री भुंकत होती, म्हणून भरलं होतं."

"आणि ठेवलं कुठं?"

"कपाटात, कपड्यांखाली."

"पोरगी केवढी रे तुझी?"

"पाच वर्षांची."

काका काही बोलले नाहीत. ते काडतूस उचलून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवलं.

मग मुठीची पट्टी उघडून त्यांनी आतली व्ही आकाराची स्प्रिंग दाखवली. "पोलाद अस्सल आहे. पण ही स्प्रिंग ऐंशी वर्षांहून जुनी. उद्या तुटली तर नवी कुठून आणशील?"

पुढच्या रविवारी दोघं परवानगी घेऊन रेंजवर गेले. पहिल्या मॅगझिनच्या आठही गोळ्या सुटल्या. दुसऱ्या मॅगझिनच्या तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये अडकली. तरुण गोंधळला आणि पिस्तूल हातात घेऊनच काकांकडे वळला. काकांनी झटकन त्याचं मनगट धरलं आणि नळी पुन्हा निशाणाकडे केली.

"नेमबाजीला हे चालेल," पिस्तूल रिकामं करून काका म्हणाले. "इथं अडकलं तर थांबता येतं. अंधारात चोर थांबणार आहे का? आणि त्या घाईत तुझी नळी कुणाकडे वळेल, ते आत्ताच दिसलं."

"मग ऑर्डनन्स फॅक्टरीचं नवं घेऊ?"

"घे की. पण आधी सांग, तुला भीती कशाची?"

"रोकडीची."

"मग रोकडीचंच बघ आधी."

त्या आठवड्यापासून त्यानं शेतकऱ्यांच्या पट्टीचे पैसे थेट त्यांच्या बँक खात्यात भरायला सुरुवात केली. किरकोळ रोकड दिवस मावळायच्या आत बँकेत जाऊ लागली. रात्री शेजारच्या गाळेवाल्यांबरोबर निघायचं ठरलं. घरी लोखंडी तिजोरी आली. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. महिन्यातून एकदा काकांच्या नजरेखाली सराव सुरू झाला आणि पिस्तूल हाती घेतलं की आधी चेंबर बघायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं.

पुढच्या हंगामात एका रात्री अकरा वाजता तो घरी निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीत फक्त हिशेबाची वही होती. पिस्तूल घरी कुलपात होतं आणि त्याला भीती वाटत नव्हती.

तात्पर्य : आधी गरज पारखावी, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी हत्यार. तुमच्या घरात परवान्याचं हत्यार असेल, तर "रिकामंच आहे" या शब्दावर विसंबू नका. आजच स्वतः बघा आणि कुलूप लावा.