मावशीचा नाणेघाट

दोघी सख्ख्या बहिणी. थोरली शहापुरात दिलेली, धाकटी मुरबाड तालुक्यात, नाणेघाटाच्या पायथ्याच्या गावात. थोरलीच्या मुलाचं बस्तान बसलं तसं त्याने आई आणि मावशी दोघींना भूमध्य समुद्राच्या क्रूझला नेलं. जिनोव्याला जहाजात चढायचं आणि नेपल्स, पालेर्मो, बार्सिलोना, मार्सेय अशी बंदरं करत परत जिनोव्याला उतरायचं.

थोरलीने आधीपासून वही भरून ठेवली होती. कुठल्या गावात काय पाहायचं, कुठे फोटो काढायचा, काय विकत घ्यायचं, सगळं क्रमवार. धाकटी भाताची झोडणी आटोपून थेट विमानात बसली होती. तिच्याजवळ वही नव्हती.

जहाज सकाळी धक्क्याला लागायचं आणि संध्याकाळी सुटायचं. तेवढ्यात अख्खं शहर उरकायचं म्हणजे पळापळ आलीच. नेपल्सला थोरलीने किल्ला केला, चर्च केलं, बाजार केला आणि वहीत खुणा केल्या. पुराणवस्तूंच्या संग्रहालयाला तिने अर्धा तास दिला. निघायची वेळ झाली तरी मावशीचा पत्ता नव्हता. भाचा शोधत आत गेला, तर ती एका हस्तिदंती मूर्तीपुढे उभी.

मूर्ती जेमतेम वीतभर उंचीची. उभी बाई, दोन्ही अंगांना दोन छोट्या दासी. हातात बांगड्यांची चळत, पोटऱ्या झाकून टाकणारे वाळे, गळ्यात भरगच्च दागिना.

“अरे, ही बाई आपल्याकडची आहे,” मावशी म्हणाली.

भाच्याने पाटी वाचली आणि तो चकित झाला. मूर्ती खरोखरच भारतातली होती. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक होऊन पाँपेई राखेखाली गाडलं गेलं, तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. 1938 मध्ये खोदकामात सापडली.

“मावशी, तू कसं ओळखलंस?”

“लग्नानंतर सासऱ्यांनी मला घाट चढवून नेलं होतं. वरच्या तोंडाशी भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे, असं म्हणतात. गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, त्यांची आता पावलंच उरलीत. सासरे म्हणाले, पोरी, या वाटेने जुन्नरचा माल खाली कल्याणला, सोपाऱ्याला उतरायचा आणि गलबतात चढून पार रोमला जायचा. तेव्हापासून मनात होतं, तो माल तिकडे उतरायचा कुठे आणि कोणाच्या घरात जायचा. आज घर सापडलं.”

सासऱ्यांचं म्हणणं खरंच होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे. मराठवाड्यात तेर आणि भोकरदनलाही अशाच धाटणीच्या मूर्ती मिळाल्या आहेत.

त्या रात्री थोरलीला झोप लागेना. शहापुरात तिची हयात गेली, रोज दारातून माहुली दिसतो. पण त्या डोंगराला तिने कधी काही विचारलं नव्हतं. कुणी गाव विचारलं की “मुंबईजवळ” एवढंच ती सांगायची.

पालेर्मोला तिने वहीतली निम्मी ठिकाणं गाळली. बार्सिलोनाला कोलंबसाच्या उंच स्तंभाखाली ती मुलाला म्हणाली, “हा आपल्या देशाची वाट शोधायला निघाला होता ना? आपला माल तर दीड हजार वर्षं आधीच इकडे येत होता.”

शेवटी मार्सेय आलं. तिथे लाँशाँ नावाचा महाल आहे. कॉलऱ्याच्या साथीने हैराण झालेल्या या शहराने द्युरांस नदीचं पाणी कालव्याने आणलं आणि त्या पाण्याच्या सन्मानासाठी 1869 मध्ये हा महाल पुरा केला. मधोमध नदी स्त्रीरूपात उभी, तिच्या रथाला बैल जोडलेले, शेजारी गहू आणि द्राक्षवेल यांच्या मूर्ती, खाली धो धो कोसळणारं पाणी.

मुलगा पुढे निघाला, पण थोरली तिथून हलेना.

“तानशाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय,” ती म्हणाली. “पुढे भातसाचंही गेलं. दोन्ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यातली. आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवरच्या बायका टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या असतात. ज्या नदीने पाणी दिलं तिला या लोकांनी महाल बांधला. आपण आपल्या नद्यांकाठच्या माणसांना नळ तरी द्यायला हवा होता.”

धाकटीने तिचा हात हातात घेतला. “अक्का, आता तू मार्सेय पाहिलंस.”

गावी परतल्यावर थोरलीने मुंबईच्या नातवंडांना बोलावून घेतलं. आधी तानशाचा बांध दाखवला, मग टँकर येणारा पाडा दाखवला आणि मगच युरोपचे फोटो.

तात्पर्य : परगावी माणसाला तेच दिसतं, ज्याबद्दल त्याने आपल्या गावी कधी प्रश्न विचारलेला असतो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने आधी आपल्या दारचा घाट चढावा आणि आपल्या नळाचं पाणी कोणाच्या रानातून येतं ते जाऊन पाहावं.