एकतर्फी शपथ

१९६३ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे जोसेफ वलाची या जन्मठेपेच्या कैद्याने जी जबानी दिली, तीत खून, खंडणी आणि मादक द्रव्यांच्या व्यापाराचा तपशील होताच; परंतु माझे मन राहून राहून थबकते ते त्याने कथन केलेल्या माफियाच्या दीक्षाविधीपाशी. १९३० मध्ये न्यूयॉर्क शहराबाहेरील एका घरात, मेजाभोवती बसलेल्या मंडळींसमक्ष, पिस्तूल आणि सुरा पुढे ठेवून त्याला शपथ देण्यात आली. हातात कागद पेटवून, रहस्य फोडीन तर असाच जळेन, असे सिसिलीच्या बोलीत वदवून घेण्यात आले. आणि बोटाला टोचून रक्त काढण्यात आले. अन्यत्र कागदाऐवजी संताचे चित्र जाळण्याचा शिरस्ता होता. अग्नीच्या साक्षीने आपल्याकडे विवाह लागतो तेव्हा वचन उभयतांवर बंधनकारक असते. येथे अग्नी आणि रक्त ही पावित्र्याची साधने राबवली गेली ती केवळ खालच्या माणसाला जखडण्यासाठी, आणि या विधीचे खरे पाप मला तेथेच दिसते.

शपथ घेतलेला मनुष्य शिपाई ठरे. शिपायांवर कापो, त्यांच्यावर उपप्रमुख, सर्वांच्या शिरी प्रमुख, आणि मसलतीसाठी त्याच्या बाजूस कोन्सिलिएरे. वलाचीला दीक्षा देणाऱ्या, सीझरचे गुणगान करणाऱ्या साल्वातोरे मारान्झानोचा १९३१ मध्ये खून झाल्यावर टोळीप्रमुख लकी लुचियानोने त्याचे सर्वाधिपतीचे पद मोडून निरनिराळ्या टोळ्यांच्या प्रमुखांचे मंडळ स्थापिले; परंतु शिपायाच्या नशिबात त्यामुळे काडीचाही फरक पडला नाही. हुकूम पायरीपायरीने तोंडी खाली उतरे, वसूल त्याच पायऱ्यांनी वर चढे, आणि गुन्हा मात्र ज्याच्या हातून घडे त्याच्याच माथी राही.

टोळीचा प्रमुख असलेल्या ज्या व्हितो जेनोव्हेझेने वलाचीच्या लग्नात वराचा पाठराखा म्हणून उभे राहावे, त्यानेच आपल्या मृत्यूचे फर्मान काढले आहे, अशी वलाचीची १९६२ मध्ये अटलांटाच्या तुरुंगात खात्री पटली. भयाने सैरभैर होऊन त्याने मारेकरी समजून भलत्याच कैद्याचा लोखंडी नळीने जीव घेतला, आणि पुढे तो सरकारचा साक्षीदार झाला. त्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांनी मला सांगावे, की ज्या कराराने त्याला संरक्षण म्हणून काहीच दिले नव्हते, त्याचा भंग त्याने केला की त्याच्या धन्याने?

संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९७० च्या अमेरिकी रिको कायद्याने गुन्हेगारी संघटनेच्या अस्तित्वालाच खटल्यात महत्त्व आणले, आणि गोपनासाठी निर्मिलेला विधी पुराव्याच्या कामी आला. १९८९ च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे पॅट्रिआर्का टोळीने चौघांना दीक्षा दिली, ती एफबीआयने चोरून ध्वनिमुद्रित केली. तुझा भाऊ खबऱ्या आहे असे मी सांगितले तर त्याला ठार करशील का, असे एका उमेदवारास विचारण्यात आले. तो 'हो' म्हणाला. भावाच्या अपराधाला प्रमाण काय, हे विचारण्याचा अधिकार त्याला त्या खोलीत नव्हता.