ताब्यापासून सहवासापर्यंत

जमिनीचा ताबा घेतात, भाडेकरूकडून खोलीचा ताबा मिळवतात, जप्त मालाचा ताबा पोलिसांकडे असतो. घटस्फोटाच्या दाव्यात हाच शब्द मुलाला लागतो आणि वकिलापासून आजीपर्यंत तो कुणालाही खटकत नाही. ‘मुलाचा ताबा आईकडे गेला’ असे आपण सहज म्हणतो. मुलाकडे मालमत्ता म्हणून पाहणे कायद्याने टप्प्याटप्प्याने सोडले, पण आपल्या भाषेत आणि त्याहून अधिक आपल्या भांडणांत ती दृष्टी अजून टिकून आहे. मूल कुठे राहील हा प्रश्न आईबापांच्या हक्काचा नसून मुलाच्या नात्यांचा आहे, हे मनापासून स्वीकारल्याखेरीज कोणताही निवाडा त्या मुलाच्या उपयोगी पडणार नाही.

मुलाला मालमत्ता मानणारा विचार फार सावकाश बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्लंडमध्ये मुलांवर हक्क बापाचा होता. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेला नवऱ्याने तिच्या तीन मुलांपासून तोडले, तेव्हा तिने पत्रके लिहून लढा दिला आणि 1839 मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांसाठी आईला न्यायालयात अर्ज करता येऊ लागला. मात्र व्यभिचार सिद्ध झालेल्या स्त्रीला ही वाट बंद होती. आपल्याकडच्या 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात मुलाचे हित हा शब्द आला, पण बाप अपात्र ठरत नसेल तर दुसरा पालक नेमायचा नाही, हेही त्याच कायद्यात होते. मुंबई उच्च न्यायालयाने 1941 मध्ये सरस्वतीबाई वेद यांच्या प्रकरणात लहान मुलाला आईची जागा दुसरे कुणी भरून देऊ शकत नाही, असे मानले. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ ठेवले, तरी नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई हा क्रम कायम राहिला. म्हणजे मूल वाढवायचे आईने आणि सही चालायची बापाची. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे घ्यायच्या रोख्यांसाठी केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने बापाची सही हवी म्हणून परत पाठवला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1999 मध्ये ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला गेला.

इथपर्यंतचा झगडा बाप की आई, एवढाच होता. मात्र त्याच काळात मुलाच्या बाजूचा विचारही पुढे येत होता: मुले ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात 1973 मध्येच बजावले होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेने विभक्त झालेल्या आईबापांशी नियमित संबंध ठेवण्याचा हक्क मुलाला दिला. भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली. विधी आयोगाने 2015 मध्ये संयुक्त पालकत्वाची शिफारस केली. यशिता साहू प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांच्याही मायेवर मुलाचा हक्क असल्याचे सांगितले आणि दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवरून बोलता आले पाहिजे, असेही म्हटले. बापाचा हक्क, आईची माया, मुलाचे हित आणि अखेर मुलाचा हक्क, असा हा प्रवास आहे.

व्यवहारात मात्र भेट अजून पालकाला मिळालेली सवलत समजली जाते. न्यायालयाच्या बालकक्षातली शनिवारची दोन तासांची भेट पाहा. आई पाण्याची बाटली आणि डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेली, आत बापाने आणलेली नवी मोटार आणि मधूनमधून घड्याळाकडे वळणारी नजर. त्या दोन तासांत पाढे पाठ होत नाहीत, तापात कपाळावर पट्टी ठेवली जात नाही, रागावून पुन्हा जवळ घेणे होत नाही. बाप तिथे पाहुणा होऊन बसतो. मूल बापाकडे असेल तर आईचे तेच होते. त्यात तारखा पडत राहतात. अर्जाच्या वेळी तीन वर्षांचे असलेले मूल निकालापर्यंत शाळेत रुळते आणि ‘त्याला आता इथलीच सवय झाली’ हाच युक्तिवाद होतो. निकाल काळाने आधीच दिलेला असतो.

दोन्ही पालकांच्या सहवासावर मुलाचा हक्क मानण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हिंसेचा आहे. मारहाण करणाऱ्याला भेटीचा हक्क देणे म्हणजे छळाला नवे दार उघडणे होय. हा आक्षेप खराच आहे. हक्क मुलाचा मानला की उत्तरही तिथेच मिळते: जी भेट मुलाला किंवा त्याला सांभाळणाऱ्याला धोक्यात घालते, ती देखरेखीखालीच व्हावी, गरज पडल्यास थांबावी. दुसरा आक्षेप, मूलच नको म्हणते तेव्हा काय? 1890 चा कायदाही समजत्या मुलाचे मत विचारात घेतो. पण ते मत पढवलेले असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये विवेक सिंग प्रकरणात ओळखले. उलट, वागणुकीचे ठोस दाखले न देता एखाद्या पालकावर मुलाचे मन कलुषित केल्याचा शिक्का मारू नये, असेही त्याच न्यायालयाने 2024 मध्ये बजावले. म्हणून प्रत्येक नकारामागचे कारण प्रशिक्षित समुपदेशकाने धीराने शोधले पाहिजे. तिसरा आक्षेप, दोन घरांत मुलाची फरफट होईल. सात दिवसांची समान वाटणी केली तर होईलही. पण संयुक्त पालकत्व म्हणजे दिवसांचा हिशेब नव्हे. शाळा, उपचार आणि सुट्ट्या यांचे निर्णय दोघांनी मिळून घेणे हा त्याचा गाभा आहे.

म्हणून विभक्त होणाऱ्या प्रत्येक आईबापाला विनंती आहे. वकिलाकडे जाण्याआधी एका कागदावर मुलाचा आठवडा लिहून काढा: शाळेची वेळ, झोपेची वेळ, आजोबांकडची संध्याकाळ, ताप आला की ते कुणाला हाक मारते. त्यातले काय टिकवायचे ते आधी ठरवा. मूल कुणाकडे, हा प्रश्न त्यानंतरचा.